चोवीस शब्द आणि वहिनींची तालीम : बिटकॉइन स्वतःच्या ताब्यात घेण्याचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावातलं आहे. संबंधितांना विचारूनच लिहितोय. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत आणि रक्कम सांगत नाही. नवरा-बायकोला इथे दादा आणि वहिनी म्हणतो, समोरासमोरही तेच म्हणतो. मी पुण्यात संगणक सुरक्षेचं काम करतो. दादांची ओळख माझ्या मावसभावाकडून झाली.

दादांचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०१८ मध्ये परिपत्रक काढून बँकांना आभासी चलनाच्या व्यवहारांपासून लांब राहायला सांगितलं होतं. ते सर्वोच्च न्यायालयाने ४ मार्च २०२० रोजी रद्द केलं. त्यानंतर काही महिन्यांनी दादांनी एका भारतीय एक्स्चेंजवर, म्हणजे आभासी चलन घेण्या-विकण्याच्या ऑनलाइन बाजारात, खातं उघडलं. हंगामात पैसे आले की थोडं बिटकॉइन, म्हणजे असंच एक आभासी चलन, घ्यायचं आणि विसरून जायचं, असं चार वर्षं चाललं. दर वर्षी रिटर्नमध्ये दाखवायचे, सीएंना सगळं माहीत होतं. घरात मात्र वहिनींना एवढंच ठाऊक होतं की "ह्यांचं मोबाइलमध्ये काहीतरी आहे".

१८ जुलै २०२४ रोजी वझीरएक्स या एक्स्चेंजमधून सुमारे २३ कोटी डॉलरची चोरी झाली आणि लाखो लोकांचे पैसे अडकले. दादांचं खातं तिथे नव्हतं, दुसरीकडे होतं. तरी त्या रात्री त्यांना झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला : "अरे, माझे म्हणतोय ते पैसे नक्की कुठे आहेत?"

अडचण

खरं उत्तर असं होतं, की दादांकडे बिटकॉइन नव्हतंच. एक्स्चेंजच्या वहीत त्यांच्या नावाने एक आकडा होता. बिटकॉइन खर्च करण्याची गुप्त किल्ली एक्स्चेंजकडे होती. ज्याच्याकडे किल्ली, त्याच्या ताब्यात नाणं. जपानमधलं माउंट गॉक्स हे एक्स्चेंज २०१४ मध्ये आणि एफटीएक्स हे नोव्हेंबर २०२२ मध्ये बुडालं, तेव्हाही खातेदारांकडे बराच काळ नुसते आकडेच उरले.

पण एक्स्चेंजपेक्षा मला दुसऱ्याच गोष्टीची धास्ती वाटली. २०२१ मध्ये भाव चढले असताना दादांनी खात्याचा स्क्रीनशॉट भावकीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकला होता. आकड्यासकट. नंतर एका मित्राने उसने घेतलेले पैसे बिटकॉइनमध्ये परत द्यायचे ठरवले, तेव्हा दादांनी मोबाइलमधल्या छोट्या वॉलेटचा (किल्ली सांभाळणाऱ्या अ‍ॅपचा) पत्ता, म्हणजे खाते क्रमांकासारखी अक्षरांची ओळ, दुसऱ्या एका ग्रुपवर टाकला. बिटकॉइनची खातेवही उघडी असते. पत्ता हाती आला की त्यावर किती आलं, किती गेलं, कधी गेलं, हे जगात कुणालाही दिसतं. दादांच्या नावाला चिकटलेला एक पत्ता असा गावात फिरत होता. शिवाय एका लग्नाच्या पंगतीत चुलतभावाने "आमचा दादा बिटकॉइनवाला" अशी ओळख करून दिली होती, आणि त्यानंतर हातउसने मागणारे वाढले होते.

एक्स्चेंजवर असेपर्यंत पैसे काढायला ओटीपी, ईमेल, बँक खातं असे अडथळे होते. किल्ली घरात आली की तोच ऐवज घरात येणार होता. ज्या घरात ऐवज आहे असं गावाला माहीत आहे, त्या घरात. किल्ली सांभाळणं आणि गुप्तता सांभाळणं ही दोन वेगळी कामं नव्हतीच.

पर्याय

सगळं विकून टाकणं हा पहिला पर्याय. नफ्यावर ३० टक्के कर, वर सेस, विकताना १ टक्का टीडीएस. दादांना विकायचं नव्हतं, विषय तिथेच थांबला. स्वतःच्या वॉलेटमध्ये नेणं म्हणजे विक्री नव्हे, नोंद मात्र चोख ठेवा, असं सीएंनी सांगितलं.

दुसरा पर्याय, आहे तिथेच ठेवून खातं घट्ट करणं. हा मी हसण्यावारी नेत नाही. ज्याच्याकडून कागदपत्रं हरवतात, ज्याला घरात कुणाला सांगायचंच नाही, त्याला नोंदणीकृत एक्स्चेंज बरं. दादांना मी हे स्पष्ट सांगितलं.

मोबाइल वॉलेट आम्ही बाद केलं, कारण दुकानात त्यांचा फोन दिवसभर चार हातांत असतो. राहिलं हार्डवेअर वॉलेट. पेनड्राइव्हएवढं यंत्र, किल्ली त्यातून बाहेर येत नाही, व्यवहारावर सही आतल्या आत होते. तीन किल्ल्यांपैकी कोणत्याही दोन लागतील अशी मांडणीही करता आली असती. तांत्रिकदृष्ट्या ती अधिक भक्कम. पण तीन यंत्रं, तीन जागा आणि शिवाय मांडणीची माहिती असलेली फाइल, एवढं सगळं उद्या वहिनींनी एकट्याने जुळवायचं, हे मला पटेना. एक यंत्र आणि त्याची नीट केलेली नक्कल, यावर आम्ही आलो.

काय केलं

आधी खरेदी. २०२० मध्ये हार्डवेअर वॉलेट बनवणाऱ्या लेजर या फ्रेंच कंपनीच्या ग्राहकांची यादी फुटली आणि डिसेंबरमध्ये इंटरनेटवर उघडी पडली. सुमारे २ लाख ७२ हजार लोकांची नावं, घरचे पत्ते, फोन नंबर त्यात होते. कुणाच्या यंत्रातली किल्ली गेली नाही, पण कुणाच्या घरी बिटकॉइन आहे याची यादीच चोरांना मिळाली. पुढे काहींच्या घरी टपालाने बनावट यंत्रंही आली. हे डोळ्यांसमोर ठेवून दादांनी थेट बनवणाऱ्या कंपनीकडून ऑर्डर दिली, बाजारातल्या तिसऱ्या विक्रेत्याकडून नाही. त्यासाठी नवा ईमेल उघडला, जो दुसरीकडे कुठेही दिला नाही. नाव दुकानाचं, पत्ता दुकानाचा. तिथे रोज बेअरिंगची, तांब्याच्या तारेची पार्सलं येतात, त्यात हे एक. कस्टम्सचे पैसे वेगळे भरावे लागले.

यंत्र सुरू केल्यावर ते चोवीस इंग्रजी शब्द दाखवतं. २०४८ शब्दांच्या ठरलेल्या यादीतून निवडलेले. यंत्र जळालं, हरवलं, तरी हे शब्द त्याच क्रमाने दुसऱ्या यंत्रात घातले की सगळं परत येतं. म्हणजे ते शब्द हीच किल्ली. रविवारी दुपारी, पडदे ओढून, सगळे फोन स्वयंपाकघरात ठेवून दादांनी ते कागदावर उतरवले. शब्द मी पाहिले नाहीत, टेबलाच्या पलीकडे बसलो होतो.

दादांना ते देवनागरीत लिहायचे होते. कुणाच्या हाती कागद लागला तर कळायला नको, हा त्यांचा विचार. मी नको म्हटलं. त्या यादीत 'पेअर' दोनदा आहे. एक जोडी, एक फळ. 'राइट'ही दोनदा आहे. एक बरोबर या अर्थाचा, एक लिहिण्याचा. स्पेलिंग वेगळं, देवनागरीत अक्षर तेच. पाच वर्षांनी कोणता कोणता हे कुणी सांगायचं?

मी संध्याकाळच्या एसटीने निघालो. दुसऱ्या दिवशी सकाळी दादांचा फोन. रात्री त्यांना वाटलं, कागदाला काही झालं तर? म्हणून पक्की नक्कल होईपर्यंत "तात्पुरता" मोबाइलने फोटो काढून ठेवला. सकाळी मुलीच्या टॅबवर, तिच्या प्रोजेक्टच्या फोटोंमध्ये, तोच कागद दिसला. दोन्हीकडे एकच खातं, फोटो आपोआप वर चढले होते.

"डिलीट केलाय दोन्हीकडून. झालं ना आता?"

या प्रकरणातला हा पहिला मोठा निर्णय. मी सांगितलं, ते चोवीस शब्द आता मेले असं समजा. फोटो कुठल्या सर्व्हरवर गेला, ट्रॅशमध्ये किती दिवस राहतो, कोणत्या अ‍ॅपला गॅलरी बघायची परवानगी आहे, यातलं काहीच आपल्या हातात उरलेलं नाही. घराचं कुलूप बदलता येतं. या शब्दांना नवं कुलूप बसवता येत नाही, नवं घरच घ्यावं लागतं. सुदैवाने त्यात अजून एक पैसाही नव्हता. दादा नाराज झाले, पण यंत्र पुसून त्यांनी नवे चोवीस शब्द तयार केले. फोटो त्यांनी काळजीपोटीच काढला होता. चूक माझी होती. पक्की नक्कल त्याच दिवशी करायचं नियोजन मी केलं नाही आणि आठवडाभर सगळी भिस्त एका कागदावर ठेवली.

मग हे शब्द खरंच चालतात का ते बघायची वेळ आली. अगदी थोडी रक्कम पाठवली, यंत्र मुद्दाम कोरं केलं, कागदावरून शब्द परत घातले. यंत्राने शब्द चूक आहेत असं सांगितलं. दादांचा चेहरा उतरला. शेवटच्या शब्दात पडताळणीचा भाग असतो, त्यामुळे अशी चूक बहुतेक वेळा पकडली जाते, पण कुठला शब्द चुकला हे यंत्र सांगत नाही. तासभर गेला. एका शब्दाचं शेवटचं अक्षर डी आहे की एल, हे दादांच्या पळत्या अक्षरात कळत नव्हतं, आणि 'वुड' व 'वुल' हे दोन्ही शब्द यादीत आहेत. (त्यांचा खरा शब्द हा नव्हता, घोटाळा असाच होता.) पुन्हा सगळं मोठ्या, सुट्या कॅपिटल अक्षरांत लिहिलं.

कागदाची नक्कल स्टीलवर करायची ठरली. त्या घराला वाळवीचा अनुभव आहे आणि २०१९ च्या पुराचाही. दादांना पहिल्यांदा आठवला तो भांड्यांवर नाव घालणारा. बाजारपेठेत भांड्यांच्या दुकानाबाहेर बसतो, घरातल्या प्रत्येक वाटीवर त्याच्याच मशीनने वहिनींचं नाव कोरलंय. "पाच मिनिटांत देईल करून, त्याला काय कळतंय इंग्रजी शब्दांतलं?" त्याला आज नसेल कळत. पण तो एक माणूस, शेजारी बघणारे चार, आणि कोपऱ्यावरचा कॅमेरा. किल्ली एकदा परक्या डोळ्याखालून गेली की ती आपली एकट्याची राहत नाही.

उपाय दादांच्याच दुकानात निघाला. दुरुस्तीला आलेल्या मोटारीच्या बॉडीवर जॉब नंबर ठोकायला ते पंच वापरतात. हार्डवेअरच्या दुकानातून इंग्रजी अक्षरांचा पंचसेट आणला, स्टीलच्या दोन पट्ट्या कापल्या. यादी अशी रचलेली आहे की पहिली चार अक्षरं एकसारखी असलेले दोन शब्द तिच्यात नाहीत, म्हणून चारच अक्षरं पुरतात. शटर अर्धं ओढून, जाड लोखंडी ठोकळ्यावर पट्टी धरून, दादांनी प्रत्येक पट्टीवर नव्वदच्या वर अक्षरं हातोडीने उठवली. ठोकाठोकीचा आवाज त्या दुकानातून रोजच येतो, कुणी मान वर करून पाहिलं नाही. पट्टीवरून वाचून यंत्र पुन्हा एकदा जिवंत करून पाहिलं आणि मगच कागद चुलीत घातला.

एक पट्टी बँकेच्या लॉकरमध्ये, जो दोघांच्या नावावर आहे. दुसरी गावाबाहेर, कुठे ते लिहीत नाही. पट्टी कुणाच्या हाती लागली तरी पैसे निघू नयेत म्हणून वर एक पासफ्रेज, म्हणजे स्वतः निवडलेला जादा परवलीचा शब्द, लावला. तो पट्टीजवळ ठेवायचा नाही. वहिनींच्या माहेरी, भावाकडे, बंद पाकिटात. आत काय आहे हे भावाला माहीत नाही.

एक्स्चेंजवरून रक्कम मी सहा टप्प्यांत काढायला लावली. दर वेळी यंत्राच्या पडद्यावरचा पत्ता दादांनी वाचायचा, संगणकावरचा वहिनींनी बोटाने मिळवायचा, सगळी ४२ अक्षरं. संगणकात शिरलेला व्हायरस कॉपी केलेला पत्ता परस्पर बदलू शकतो आणि गेलेला व्यवहार उलटत नाही. 'बी सी वन क्यू' पासून सुरू होणारी ती जुळवणी वहिनींनी पुस्तकातलं पारायण असावं तशी शांतपणे केली.

बाकी साफसफाई त्याच महिन्यात झाली. एक्स्चेंजच्या खात्याला एसएमएसऐवजी फोनवरच कोड तयार करणारं ऑथेंटिकेटर अ‍ॅप लावलं, सिम कार्डाला पिन घातला. दूरसंचार विभागाच्या संचार साथी पोर्टलवर आपल्या नावावर किती सिम आहेत ते पाहिलं, तर दादा वापरत नसलेलं एक निघालं, ते बंद करायला कळवलं. आधारची प्रत द्यायची वेळ आली तर मास्क्ड आधार, म्हणजे शेवटचे चार सोडून बाकी आकडे झाकलेलं. ग्रुपवर फिरलेल्या जुन्या पत्त्यावरचं नाणं वेगळं ठेवलं. ते बाकीच्या नाण्यांबरोबर एकाच व्यवहारात खर्च केलं, तर सगळी एकाच माणसाची आहेत हे उघड्या वहीत कायमचं लिहिलं जातं. वॉलेटच्या प्रोग्रॅममध्ये त्यावर "हात लावू नये" अशी खूण केली आहे. आयकर खात्यापासून यात काहीच लपवलेलं नाही. लपवायचं होतं ते चुलतभावापासून आणि अनोळखी माणसांपासून, आणि हा फरक दादांना पहिल्या दिवसापासून पक्का ठाऊक होता.

वहिनींची तालीम

जानेवारी २०२५ मध्ये, सुरुवात केल्यापासून पाचव्या महिन्यात, मी म्हटलं, आता दादा नाहीत असं समजून वहिनींनी सगळं उघडून दाखवायचं. दादा अंगणात बसले. वहिनींजवळ दादांच्या हातचा दोन पानी सूचनांचा कागद, पट्टी, माहेरून आणलेलं पाकीट आणि कोरं यंत्र.

चोवीस शब्द त्यांनी न चुकता घातले. पासफ्रेज घातला. वॉलेट उघडलं. शिल्लक शून्य.

त्या काही बोलल्या नाहीत. मग हळूच म्हणाल्या, "भाऊजी, गेले का हो सगळे?"

गेले नव्हते. पासफ्रेज दोन शब्दांचा होता, दादांच्या अक्षरात ते चिकटून आले होते आणि वहिनींनी मधली मोकळी जागा सोडली नव्हती. पासफ्रेज चुकला तर यंत्र "चूक" म्हणत नाही, दुसरंच एक रिकामं वॉलेट उघडून देतं. त्याची रचनाच तशी आहे. मला हे माहीत होतं. त्या कागदावर लिहिलेलं नव्हतं. हे खरोखर दादांच्या पश्चात घडलं असतं, तर वहिनींनी यंत्र कपाटात टाकलं असतं आणि पैसे गेले असं धरून चालल्या असत्या.

इथे दुसरा मोठा निर्णय आला. पासफ्रेज काढून टाकायचा का? माझा कल काढण्याकडे होता. घरातल्या माणसाला अडवणारं कुलूप चोराला अडवणाऱ्या कुलपाइतकंच घातक असतं. वहिनी नको म्हणाल्या. "लॉकर दोघांचा आहे, पण दुसरी पट्टी उघड्यावर आहे. शब्द राहू दे, लिहायची पद्धत बदला." बँकेच्या फॉर्मवर असतात तसे चौकोन त्यांनी स्वतः आखले, एका चौकोनात एक अक्षर, मोकळ्या जागेच्या चौकोनात फुली आणि बाजूला मराठीत 'इथे रिकामं'. सूचनांचा कागदही त्यांनी पुन्हा लिहिला. पहिलं वाक्य : "शिल्लक शून्य दिसली तर घाबरू नये, पाकिटातला शब्द पुन्हा घालावा." दुसरं : "चोवीस शब्द फोनवर, संगणकावर किंवा कुणी मागितले तर सांगू नयेत, बँकेचा माणूस असला तरी."

काय झालं

मार्चमध्ये एक ईमेल आला. यंत्रात गंभीर दोष सापडला आहे, तातडीने खालच्या पानावर जाऊन चोवीस शब्दांची पडताळणी करा. मजकूर सफाईदार, चिन्ह हुबेहूब. आणि आला कुठे, तर जो ईमेल दादांनी फक्त यंत्राच्या ऑर्डरसाठी उघडला होता, त्यावर. म्हणजे ती ऑर्डर ज्या ज्या हातांतून गेली, त्यातल्या कुठल्यातरी वहीतून तो पत्ता बाहेर पडला होता. घरचा पत्ता आणि नेहमीचा नंबर त्या वहीत नव्हता, एवढं आम्हाला नक्की माहीत होतं. दादांनी तो ईमेल मला न विचारता पुसला.

जूनमध्ये मुलीच्या इंजिनिअरिंगच्या प्रवेशासाठी थोडा भाग विकला. एक्स्चेंजवर परत पाठवला, टीडीएस कापला गेला, उरलेला कर वर्षअखेरीला. गावात कुणी विषय काढला की दादा आता म्हणतात, "विकले रे, पोरीची फी भरली." ते खरंच आहे. उसने मागणारे कमी झाले.

पुन्हा करायचं झालं तर

तालीम सगळ्यात आधी घेईन. वहिनींना पाचव्या महिन्यात बोलावण्याऐवजी पहिल्या रविवारी टेबलाशी बसवीन. पाच महिने दादांच्या जिवावर सगळं टांगलेलं होतं, आणि तो धोका कुठल्याही हॅकरपेक्षा मोठा होता.

सहा टप्पे करायला लावले, तेही चुकलं. प्रत्येक टप्पा वॉलेटमध्ये वेगळं नाणं होऊन बसतो. पुढे एकत्र खर्च करताना प्रत्येकाची जागा व्यवहारात लागते आणि बिटकॉइनच्या नेटवर्कला द्यायची फी वाढते. एक चाचणीचा आणि एक उरलेल्याचा, एवढे दोनच पुरले असते. माझ्या भीतीची किंमत दादांनी जूनमध्ये विकताना त्या फीत मोजली.

खरेदीची जुनी नोंद एक्स्चेंजवरून आधीच उतरवून घ्यायला मी सांगितलं नाही. २०२० पासून कोणत्या दिवशी कोणत्या भावाने घेतलं, हे नसेल तर करातून खरेदीची रक्कम कशी वजा करणार? विक्रीच्या वेळी सीएंनी मागितली तेव्हा दादा दोन रात्री जुने ईमेल उपसत बसले.

भावकीच्या ग्रुपवरच्या त्या स्क्रीनशॉटचं काहीच करता आलं नाही. दादांनी पुसायचा प्रयत्न केला तोवर मुदत कधीच उलटली होती, आणि तीन जणांनी तो पुढे पाठवला होता.

दुसरी तालीम २०२५ च्या दसऱ्याआधी झाली. वहिनींना चाळीस मिनिटं लागली, मी फक्त चहा प्यायलो. खंडेनवमीला दादांनी हत्यारं पुजायला मांडली, त्यात पंचसेटही होता. मुलगी आता अठरा वर्षांची झाली आहे. तिला पट्टीबद्दल सांगायचं की अजून थांबायचं, यावर घरात एकमत नाही. वहिनी म्हणतात सांगूया, दादा म्हणतात हॉस्टेलवर आहे, थोडं थांबू. मला दोघांनी विचारलं. मी म्हटलं, हे तुम्ही तिघांनी बसून ठरवा.